शिसपेन्सिलीचं कार्ड

नारायणराव गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. तेही क्रांती चौकात रिक्षा शोधताना विद्यापीठाच्या ग्रंथालयातला जुना शिपाई भेटला म्हणून. "तुम्हाला ठाऊक नाय व्हय, बाई?" नव्हतं. अकरा वर्षं मी तिकडं फिरकलेच नव्हते, मला सांगणार कोण?

ग्रंथालयात पुस्तकांची सूची करणं हे त्यांचं काम. लासूर स्टेशनहून रोज पॅसेंजरनं यायचे. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, म्हणून पोलीस ॲक्शननंतर घराघरांतून आलेल्या जुन्या चोपड्यांचा ढीग त्यांच्याच गळ्यात पडला. घोटाळा केला होता बांधणी करणाऱ्यानं. त्याला वाचता येत नसे. त्यानं आकार बघून चोपड्या एकत्र शिवल्या, आणि सूचीत नाव चढलं फक्त पहिलीचं. माझा प्रबंध मराठवाड्यातल्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर. त्यासाठी हवी असलेली एक चोपडी चार महिने सापडेना, तेव्हा रडकुंडीला येऊन त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. त्यांनी युनानी औषधांचं एक जाडजूड पुस्तक काढून मधोमध उघडलं. बारवा! "लई दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं हिला," ते म्हणाले. अशा दडलेल्या प्रत्येक चोपडीचं ते वेगळं कार्ड करत. नुसता सुगावा लागला की आधी शिसपेन्सिलीनं, आणि चोपडी प्रत्यक्ष हातात आली की वरून शाई. मी मदतीला गेले तर म्हणाले, "नको बाई, तुमचं अक्षर म्हणजे कागदावर कोंबडी नाचलेली."

मग लग्न, नोकरी... प्रबंध माळ्यावर गेला. शेवटच्या भेटीत त्यांनी एवढंच विचारलं, "कधी देताय?" "पुढच्या वर्षी," मी बिनदिक्कत थाप मारली, आणि पुढं तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. निवृत्तीनंतरही, बायको गेल्यावरही, ते गाडीनं येऊन एकटेच कार्डं लिहीत बसायचे म्हणे. समोरची खुर्ची रिकामी. तिथं मी बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेले. संगणक आलेत, कार्डांची कपाटं व्हरांड्यात काढलेली. माझ्या आडनावाच्या अक्षराचा खण सहज ओढला. त्यात माझं नाव, प्रबंधाचा विषय, क्रमांकाची जागा कोरी. सगळं शिसपेन्सिलीनं. खाली कोपऱ्यात दोन शब्द : येणार आहे. मी तिथंच फरशीवर बसून रडले.

शिपायाला विचारून ते कार्ड घरी आणलंय. गाठोडं माळ्यावरून उतरवलं, दुसरं प्रकरण चालू आहे. प्रबंध पुरा झाला की त्या कार्डावर शाई मलाच फिरवावी लागेल... आणि माझं अक्षर, नारायणराव, अजून तसंच आहे हो.