कोपर सरळ होईपर्यंत

छप्पन सालच्या उन्हाळ्यात आमची कंपनी नाचणगावच्या शिवाराजवळ तंबूत होती. मी लान्स नायक. घर नालवाडीले, म्हणून सुटी मिळाली की मी दुपारपर्यंत घरी. यावरून शिपाई गणपत मले फार चिडवायचा. तो भंडाऱ्याकडचा.

"उस्ताद, वहिनीनं काही दिलं का? का रस्त्यातच संपवलं?"

उन्हाळ्यात काम एकच. तंबूंभोवतीचं वाळलं गवत कापायचं आणि एक रुंद पट्टा आपणच जाळून मोकळा करायचा, म्हणजे बाहेरची आग आत येत नाही. त्याले फायर लाइन म्हणतात. हुकूम होता, सकाळी साडेआठनंतर काडी लावायची नाही, कारण मग वारा सुटतो. त्या दिवशी पाण्याची गाडी उशिरा आली. थोडाच पट्टा राह्यला होता. मी नऊ वाजता काडी लावली. हुकूम मी मोडला. चौकशीत हेच सांगितलं, इथंही तेच सांगतो.

नऊ वाजून दहा मिनिटांनी वारा फिरला.

"लाइन सोडा! सब पीछे!" सुभेदारसाहेब ओरडले.

सगळे पळाले. मी नालीत पडलो आणि उजवी बाही पेटली. गणपत बाहेर पोचला होता. तो ओलं गोणपाट घेऊन परत आला.

"हात लांब कर, उस्ताद!"

त्यानं माझी बाही विझवली. तेवढ्यात त्याचाच सदरा पेटला.

हॉस्पिटलमध्ये आमच्या खाटा शेजारी होत्या. तो विचारायचा, "हात आहे ना?" मी म्हणायचो, आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

माझ्या कोपराच्या आतल्या बाजूची कातडी पार गेली होती. डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी मांडीची कातडी काढून तिथं लावली. मग मले समजावलं. डाग जाणार नाही, ती आशा सोड. पण जळालेली जागा भरताना आकसते आणि सांधा ओढून धरते. म्हणून हात सरळ ठेवून लाकडी पट्टी बांधायची, काही महिने, दिवसरात्र. जखम पुरी भरली की तेल लावून चोळायचं, कोपर हळूहळू ताणायचं, ऊन लागू द्यायचं नाही. एवढं करून आकसलंच, तर कापून नवी कातडी लावावी लागेल.

"आराम वाटतो म्हणून हात वाकवून ठेवू नको. आराम ही दुश्मन है."

मी "जी साब" म्हटलं आणि सिक लीव्हवर घरी आलो.

आमच्या घरी डाव्या हातानं कोणी जेवत नाही. बायको, सरू, पहिल्याच दिवशी ताट घेऊन बसली. "घ्या, तोंड उघडा."

"मी काय लेकरू आहे?"

मी पट्टी सोडली आणि उजव्या हातानं जेवलो. दोन्ही वेळा तेच. पुढं जेवण झाल्यावर पट्टी बांधायचा कंटाळा येऊ लागला. हात वाकवला की दुखत नसे. सरू म्हणायची, "पट्टी बांधा." मी म्हणायचो, "बांधतो." दोन महिन्यांत कोपर अडकलं. घास तोंडाशी नेताना वाकतं, बरोबर तेवढंच. दोरीसारखी कातडी वर आली. रात्रंदिवस खाज. रायफल धरता येईना.

मेडिकल बोर्डाचं पत्र आलं. हात असाच राह्यला तर नोकरी संपली. मी म्हटलं, "जाऊ दे. नसीब."

सरू चुलीपुढून उठली. "काऊन नसीब? गणपतभाऊजींनं जीव दिला या हातासाठी. अन् तुम्ही तो ऐटीपायी वाया घालवून राह्यले. मले लाज वाटते."

तिनं भाऊजी म्हटलं. गणपतले तिनं एकदाही पाह्यलं नव्हतं.

मी परत हॉस्पिटलात गेलो. कॅप्टनसाहेबांनी हात बघितला. "पट्टी किसने खोली?"

"मैंने, साब."

त्यांनी ती दोरी कापली, दुसऱ्या मांडीची कातडी लावली, हात सरळ ठेवून प्लास्टर घातलं. प्लास्टर निघाल्यावर पुन्हा पट्टी. या वेळी चार महिने सरूनं भरवलं. मी मुकाट तोंड उघडत होतो. जखम भरल्यावर ती रोज खोबरेल तेल लावून चोळायची, मी ओरडलो तरी थांबायची नाही.

"गप बसा. शिपाई आहात नं?"

हात जवळजवळ सरळ झाला. बोर्डानं माझी तब्येतीची कॅटेगरी खाली केली, पण नोकरीत ठेवलं. पुढची नोकरी मी स्टोअरमध्ये केली. डाग आहे तसाच आहे. लोक बघतात. बघू देत.

गणपतच्या गावी मी एकदाच गेलो. त्याच्या आईले सांगितलं, काडी मी लावली होती. तिनं हात बघायले मागितला. कोपरावरून बोट फिरवलं आणि आत गेली. परत आली नाही.

तेव्हापासून जेवायच्या आधी मी त्याच्या नावाचा एक घास काढून ठेवतो. सरू ताटात एक घास जास्त वाढायची.

गेल्या वर्षी सरू आजारी पडली. शेवटचे दीड महिने मी तिले भरवलं, याच हातानं. ती म्हणाली, "वाकतो नं चांगला." मग तीही गेली.

आता दोन घास काढतो. कोपर पुरं ताणून ताटाच्या पलीकडे ठेवतो. थोडं दुखतं. ठेवल्याशिवाय जेवत नाही.