पासधारकांनी प्रथम चढावे

रोज एकाच गाडीने, त्याच माणसांबरोबर प्रवास करा. किस्से शोधावे लागत नाहीत, खिशात पास असतो तसे ते अंगावरच राहतात. दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हापासून मी सोलापूरहून अक्कलकोटला सकाळच्या बसने कचेरीत जात असे. आम्ही सगळे महिन्याचे पासवाले. गाडी आमच्यामुळे चालते, असा आमचा समज होता. गाडीचा तसा काही समज नव्हता.

*

स्टँडवरचे कंट्रोलर शिंदे भला माणूस. आमच्या रोजच्या कटकटीला कंटाळून त्यांनी एक बोर्ड रंगवून घेतला : ‘पासधारकांनी प्रथम चढावे.’ पहिल्या दिवशी आम्ही कडक इस्त्रीत, हातात पास धरून रांगेत उभे! गाडी लागली, शिंद्यांनी शिट्टी फुंकली, आणि रांगेच्या दोन्ही बाजूंनी लोक आत घुसले. आम्ही बाहेरच.

दाराच्या पायरीवर कुंभारी गावचा तमण्णा होता. शहरात दूध घालून रिकाम्या किटल्या घेऊन तो रोज या गाडीने परतायचा. मी चिडून त्याच्या नाकासमोर पास नाचवला.

“अहो, माझ्याकडे पास आहे!”

“आसू द्या की! माज्याकडं कोपर हाय!”

*

खरं म्हणजे त्या गाडीत एकच नियम चालायचा, आणि तो कुठल्याही बोर्डावर नव्हता. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, काहीही सीटवर टाकलं की सीट तुमची. मग तुम्ही सावकाश या. भांडकुदळातला भांडकुदळ माणूससुद्धा दुसऱ्याच्या रुमालावर बसायचा नाही.

बँकेतल्या देशपांड्यांनी एकदा खिडकीतून जेवणाचा डबा ठेवला आणि चहा प्यायला गेले. चहा लांबला, गाडी सुटली. देशपांडे स्टँडवर, डबा गाडीत! गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक गृहस्थ डबा उचलून बसायला गेले, तर आमचे कंडक्टर मणियार गरजले, “उठो, उठो! डब्बे की सीट है, बैठनेका नै!”

अक्कलकोटपर्यंत डबा बसून गेला, आम्ही उभे राहून.

*

आमच्यात हा नियम न पाळणारे एकटे बिराजदार मास्तर. अक्कलकोटच्या शाळेत शिकवायचे. उजवा गुडघा पार कामातून गेलेला, तरी रुमाल टाकायचे नाहीत. “रुमाल घाम पुसायला असतो. बोर्डावर लिहिलंय ना, पासधारकांनी प्रथम चढावे? मग आपण तसंच चढायचं. कायदा म्हणजे कायदा.”

असं म्हणून मास्तर शेवटी चढायचे आणि दांडा धरून उभे राहायचे. वळण आलं की गुडघा धरायचे. आम्ही सीट देऊ केली तर रागवायचे. “उपकार नकोत. नोकरी संपायच्या आत एक दिवस मी हक्कानं पहिला चढून बसणार, बघाल तुम्ही!” आम्ही हसायचो. त्यांचा गुडघा बघून वाईटही वाटायचं.

*

पुढच्या दाराशी एका सीटवर लिहिलेलं होतं : ‘आमदारांसाठी राखीव.’ त्या सीटवर आमदार बसलेला आमच्यापैकी कुणीही पाहिला नव्हता. एकदा मात्र पांढरीशुभ्र खादी घातलेले एक जाडजूड गृहस्थ आले आणि तिथेच बसले. सगळी गाडी अदबशीर झाली. मणियार तर तिकीटही विचारीनात.

मास्तरांनी संधी साधली. शाळेचं छप्पर कसं गळतं, पावसाळ्यात दोन वर्ग एकत्र कसे बसतात, सगळं सांगितलं. गृहस्थ मान डोलवत होते. वळसंगला ते उतरायला उठले, तेव्हा मास्तर हात जोडून म्हणाले, “साहेब, तेवढं छपराचं मनावर घ्या.”

“घेतो की! कवा बी या. लई दिवस टिकतील असे पत्रे देतो. माजं पत्र्याचंच दुकान हाय!”

मणियार धावत उतरले, तिकीट फाडायला.

*

मास्तर निवृत्त झाले त्या दिवशीही उभ्यानेच गेले आणि उभ्यानेच आले. आम्हाला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांचा सत्कार होता, म्हणजे आणखी एक फेरी बाकी होती. मी आणि देशपांड्यांनी शिंद्यांना सांगितलं, शिंद्यांनी मणियारना, आणि तमण्णाला आम्ही चहा पाजून सांगितलं.

सकाळी गाडी लागली. शिट्टी झाली, आणि कुणी हललं नाही! तमण्णा किटल्या खाली ठेवून दारात दोन्ही कोपरं पसरून उभा. आतली एकूण एक सीट रिकामी. मास्तर आले, नवा कोट, नवी टोपी.

“चढा मास्तर,” शिंदे म्हणाले, “पासधारकांनी प्रथम.”

मास्तर बोर्डाकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते. मग म्हणाले, “माझा पास काल संपला.”

“अहो, आज कोण बघतंय?”

“आज मी तिकीटवाला. पासवाले आधी चढू देत. कायदा म्हणजे कायदा.”

झालं! मास्तर चढेनात, म्हणून आम्ही चढेना. आम्ही चढेना, म्हणून तमण्णा कुणाला चढू देईना. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला.

शेवटी तमण्णाच ओरडला, “आवो मास्तर, मग रुमाल टाका की! त्याला कुटं पास लागतोय?”

मास्तरांनी खिशातून सत्कारासाठी घडी घातलेला रुमाल काढला. मग लंगडत खिडकीपाशी गेले आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा रुमाल टाकला. नेम कसला असणार? रुमाल उडत जाऊन पडला तो आमदारांच्या सीटवर.

“छे छे! ती राखीव आहे,” मास्तर म्हणाले.

तमण्णाने दारातली कोपरं काढली आणि मास्तरांचा हात धरून त्यांना पायरीवर चढवलं.

“रुमाल पडलाय, मास्तर. आता आमदार आला तरी हुबाच ऱ्हाईल. कायदा म्हंजे कायदा!”