धुळ्याच्या फोटोतली तिसरी बाई

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या एका शाळेत मी नुकतीच लागले होते. धुळ्याच्या एका छोट्या इतिहास संग्रहालयात 'सहकुटुंब या, जुन्या फोटोंतली माणसं ओळखा' असा कार्यक्रम असल्याचं पेपरात आलं. मी सहज मोठ्यानं वाचलं, तशी भाकरी थापणारी आई थांबली.

"दुष्काळी कामांचे फोटो असतील का गं?"

माझी सिंधूमावशी पाझर तलावाच्या कामावर दरड कोसळून गेली, तेव्हा मी पाळण्यात होते. तिचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता.

रविवारी सकाळची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा, मग धुळे. आता रस्ता रुंद झालाय, तेव्हा ट्रकांच्या मागे रखडत तीन तास लागले. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी घरूनच न्या. पारोळ्याला मी चहा घेतला, आई गाडीतून उतरलीच नाही.

संग्रहालयाच्या दालनात एका बाजूला मुलं चिखलाची भांडी करत होती, दुसऱ्या बाजूला दोरीवर फोटो लटकवले होते. निवृत्त शिक्षक असलेले नाना लोकांनी सांगितलेली नावं चिठ्ठ्यांवर लिहून फोटोंखाली लावत होते. आई एका फोटोपुढे थबकली. डोक्यावर मातीच्या पाट्या घेतलेल्या बायांची रांग. तिसरीवर तिनं बोट ठेवलं.

"ही माझी बहीण. सिंधू."

नाना लिहू लागले, तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढे आली. "नही वं माय. हाई मनी पोर शे. शांता."

एकाच बाईला आई बहीण म्हणत होती आणि म्हातारी आपली मुलगी. नानांनी फोटो उलटा केला. मागे साक्रीजवळच्या एका गावाचं नाव होतं. म्हातारी त्याच गावची. सिंधूमावशी एरंडोलच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती.

"त्यांचंच लिहा," आई म्हणाली. मग म्हातारीला विचारलं, "कशी होती शांता?"

"हसरी व्हती. त्याच साली तापमा गयी."

निघताना नानांनी आईच्या हातात एक कोरा कागद दिला. "अक्का, फोटो नसला तरी माणसाची नोंद राहते. लिहून पाठवा."

स्टँडसमोर शेवभाजी मागवली. तर्री झणझणीत होती, पण आईनं घास मोडून तसाच ठेवला.

"मला सिंधूचं तोंड आठवत नाही," ती म्हणाली. "आठवत असतं, तर दुसऱ्याची पोर सिंधू म्हणून धरली असती का?"

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी आल्यावर दिवेलागणीला मी कागद घेऊन बसले. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य लिहिलं: 'सिंधू दुष्काळी कामावर गेली होती.' आईनं वाचायला लावलं.

"गेली नव्हती. त्या दिवशी तुला ताप होता. माझ्या जागी मीच तिला पाठवलं. तसं लिही."

मी आधीचं वाक्य खोडलं आणि तसं लिहिलं. आईनं खाली सही केली, सकाळी स्वतः पोस्टात टाकून आली. धुळ्याहून आम्ही फोटो आणला नाही. मी मात्र तेव्हापासून त्या तापाचं काय करायचं, हे शोधते आहे.