भिंतीपलीकडचा धोतरा

लातूरच्या आमच्या कॉलनीत, भिंतीपलीकडे, सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर राहतात. त्यांच्या अंगणात धोतऱ्याच्या जातीचं एक झाड आहे, चांगलं माणसापेक्षा उंच. टँकरच्या दिवसांतही धुण्याचं पाणी घालून त्यांनी ते जगवलं. वीतभर लांब, पिवळसर फुलं खाली तोंड करून लोंबतात. दोन फांद्या आमच्या बाजूला आलेल्या.

महादेवाला धोतरा प्रिय, आणि देवाच्या फुलाला विचारायचं कशाला, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मीही पहाटे, त्या उठायच्या आत, खुर्चीवर चढून दोन-चार फुलं तोडायची.

बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून स्टीलच्या वाटीतून खीर आली. माझ्या माहेरी त्या लोकांकडचं पाणीसुद्धा चालत नसे. मी पडले सुधारलेली, चाटूनपुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसले असता डावा डोळा चोळला आणि थोड्या वेळानं पेपर वाचता येईना. आरशात बघते तर त्या डोळ्यातली बाहुली केवढी तरी मोठी झालेली. घरात कुणी नव्हतं. घाबरून हाक मारली ती सिस्टरांनाच. ड्यूटीवर निघालेल्या बाई, तशाच मला स्कूटीवर घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

काल-आज वेगळं काही खाल्लं का, डॉक्टरांनी विचारलं. सिस्टर माझा हात धरून उभ्या होत्या. तरी माझ्या तोंडून निघालंच, "यांच्याकडची खीर खाल्ली. बाहेरचं तेवढंच."

त्यांनी हात सोडला.

खिरीनं एकच डोळा असा होत नाही, डॉक्टर म्हणाले. धोतऱ्याला हात लागला होता का? त्याचा रस डोळ्यात गेला की असं होतं, दोन-तीन दिवसांत उतरेल. मग मला सगळं सांगावं लागलं, खुर्चीसकट. मान वर करवत नव्हती.

परत येताना सिस्टर एवढंच म्हणाल्या, "फुलं मागितली असती तर म्या न्हाई म्हणले असते का, वहिनी?" खिरीबद्दल चकार शब्द नाही.

डोळा बरा झाला. त्यांची वाटी अजून माझ्याकडेच आहे. रिकामी वाटी परत द्यायची आमच्यात रीत नाही. दोनदा शिरा केला, वाटीत भरला, आणि भिंतीपाशी जाऊन माघारी आले. माझ्या हातचं त्या आता खातील का?