हिताना आणि भिंतीवरचा चौक

बी.कॉम. झाल्यावर डहाणूच्या एका चिकूवाडीतल्या होमस्टेमध्ये मला हिशेबाची नोकरी लागली. तलासरीजवळच्या आमच्या पाड्यात खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिलीच. बाबांनी ते साऱ्या पाड्याला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे नोकरी सोडायची सोय उरली नव्हती.

मालक वाईट नव्हते, हाच त्रास होता. पाहुणे आले की मला काउंटरमागून बोलावून सांगायचे, "ही आमची वारली मुलगी." पाहुणे माझ्याकडे वाडीतल्या झाडांकडे पाहावं तसं कौतुकाने पाहायचे. त्या हिवाळ्यात मालकांनी हॉलची एक भिंत गेरूने सारवून घेतली. "इथे तुमचा तो लग्नातला चौक काढ. देवीसकट. शनिवारी ग्रुप येतोय."

चौक म्हणजे लग्नात देवीला बसवायची चित्रातली चौकट. आमच्यात ती काढत नाहीत, लिहितात. तीही लग्नघरी, सवाशिणींनी, लग्न लावणारी धवलेरी बाई गाणी म्हणत असताना. मी बिनलग्नाची. आईला फोन केला तर ती म्हणाली, "लगीन नाय तठं चौक लिवायचा नाय. देवी येल न् बसल कुठं?" मालकांना हे सांगितलं तर ते हसले. "अगं, तू वारली ना? मग झालं तर."

त्याच आठवड्यात स्पेनहून एक बाई आल्या होत्या. तिकडे औषधांच्या दुकानात कामाला. मालकांचं "वारली, वारली" त्यांनी ऐकलं होतं. संध्याकाळी पायरीवर बसून, माझ्याइतक्याच मोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, "मी हिताना आहे."

त्यांनी सांगितलं, स्पॅनिशमध्ये युरोपातल्या रोमा, म्हणजे जिप्सी लोकांना हितानो म्हणतात, बाईमाणसाला हिताना. कुणीतरी त्यांना इजिप्तचे समजलं, त्यावरून हे नाव पडलं. खरं तर त्यांचे पूर्वज आपल्याच इकडून, भारतातून गेलेले. घरात तो शब्द अभिमानाने घेतात. दुकानदार म्हणतो तेव्हा त्याचा हात गल्ल्यावर जातो.

"आणि प्रेमाने म्हणणारे?" मी विचारलं.

"ते मला नाचायला सांगतात. मला नाचता येत नाही. मग त्यांना वाटतं, मी खोटी."

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. मग हसू गेलं आणि पाणीच राहिलं. "मग तुम्ही काय करता?"

"कधी नाही म्हणते. दमलेली असले की एक गिरकी घेते."

शुक्रवारी मी तांदळाचं पीठ कालवलं. चौकट लिहिली, कडेची नक्षी, चंद्र, सूर्य, घोडा. मधली देवीची जागा कोरी ठेवली. बोलावलंच नाही, तर बसवायचा प्रश्न नव्हता. मालक लांबून पाहून म्हणाले, "वा, अस्सल."

मी तिथे आणखी दोन वर्षं होते. पाहुणे त्या भिंतीसमोर उभे राहून फोटो काढायचे. एकदा एकीने विचारलं, "पण यात देवी कुठेय?"

मालकांनी काउंटरकडे बोट केलं. "ही काय, इथे बसलीय."

सगळे हसले आणि मोबाइल माझ्याकडे वळवले.