दुसरा खंड

रंगूनहून नदीने वर चीनच्या सरहद्दीपर्यंत गेलेल्या एका गोऱ्या प्रवाशाचं दोन खंडांचं पुस्तक आहे. त्याचा पहिला खंड माझ्याकडे होता. दुसऱ्यासाठी मी अकरा वर्षं वणवण केली. आशियातल्या प्रवासाची जुनी पुस्तकं जमवणं हा माझा नाद. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, त्यामुळे मालवणात हा नाद मलाच शोभतो, अशी माझी पक्की समजूत होती.

तो दुसरा खंड मिळाला माझ्या मित्राला. त्याने आयुष्यभर तळेरे–विजयदुर्ग एस.टी. चालवली. पुस्तकांचा नाद त्याला मीच लावला. इंग्रजी त्याला अडखळत येतं, नकाशे मात्र तो बोट फिरवून फिरवून बघतो. खंड विजयदुर्गच्या एका मुसलमान कुटुंबात होता. त्या घरी मी चारदा गेलो होतो. चारही वेळा उंबऱ्यातच पुस्तकाचं विचारलं, पाणीसुद्धा घेतलं नाही. हा मात्र एका दुपारी जेवायला बसला, जहाजावर खलाशी असलेल्या त्यांच्या पणजोबांच्या गोष्टी ऐकत राहिला आणि निघताना पुस्तक घेऊन आला. माझा नुसता जळफळाट झाला. त्याला मी तोंडभरून शाबासकी दिली आणि घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

आठवड्याने त्याने पुस्तकांसाठी केलेलं नवं कपाट दाखवायला बोलावलं. वाळवी लागू नये म्हणून काजूबीच्या टरफलांचं तेल त्याने कुंचल्याने फळ्यांना चोपडलं होतं. होड्यांना लावतात तेच.

"कसा दिसता?" त्याने विचारलं. "आता वाळवीचो बापूस येवंदे! उद्या पुस्तकां लावतंय."

मी फळीला हळूच नख लावलं. ते चिकटलं. हे तेल नीट वाळायला महिने लागतात आणि तोवर हाताला लागलं तर कातडी भाजते, हे मला माहीत होतं. माझं पहिलं कपाट मी असंच बिघडवलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण टेबलावर तो दुसरा खंड होता.

"बरा दिसता," मी म्हटलं आणि रुमालाने नख पुसत घरी आलो.

पंधरा दिवसांनी तो रिक्षातून माझ्या दारात उतरला. दोन्ही हात मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळलेले, काखेत एक पुडकं. पुस्तकं फळ्यांना चिकटली होती. ती सोडवताना हातांवर फोड आले होते.

"ह्या तेवढा उशाखाली होता, म्हणान वाचला," तो म्हणाला. "तुझ्याकडेच ऱ्हवांदे. माझ्या हातात सगळा नासता."

मी पुडकं सोडलं. तोच खंड. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, तो आता माझ्या मांडीवर होता.

"चूक माझीच रे," तो म्हणाला. "आधी तुका इचारूक व्हया होता. तू सांगलं असतंस."

मी खंड त्याच्यासमोर उघडून धरला. त्याला नकाशे बघायचे होते आणि त्याला पान उलटता येत नव्हतं. मग मीच एकेक पान उलटत राहिलो, तो पुरे म्हणेपर्यंत.