छबुबाईनं घातलेली आण

घाटनांदूरच्या छबुबाईला गावात सगळे भित्री म्हणायचे. पण साप निघाला की काठी घेऊन पुढं जाणारी तीच असायची. मांजर आडवं गेलं तर ती मांजरालाच शिव्या देऊन पुढं चालायची. तिचं भय एकाच गोष्टीचं होतं. बंकटच्या आधीची तिची दोन लेकरं गेली होती, एक गोवरानं आणि एक नुसत्या तापानं. त्यामुळे बंकट झाल्यापासून मरणाला शिवलेली कुठलीच वस्तू तिनं पोराच्या आसपास फिरकू दिली नाही. मयताहून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय तिच्या ओट्यावर चढायचा नाही. सासरा वारला तेव्हा जोशीबुवांनी ओसरीवर गरुडपुराण वाचलं. वाचन संपल्यावर बुवा म्हणाले, पोथी राहू द्या, उद्या नेतो. छबुबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"न्हाई बुवा, आत्ताच न्या. मेल्या माणसाच्या घरी वाचायची पोथी ती. जित्या लेकराच्या घरात कावून ठिवायची?"

बुवा पोथी काखेत मारून निमूट गेले. नवरा अर्जुनराव नुसता हसला. तो बायकोच्या या कारभारात पडत नसे.

बंकट वाढला तो वस्तू उघडत. मोटेचं चाक कुरकुरायला लागलं की बापाच्या आधी तो विहिरीवर जायचा. चाक उतरवून, कणा घासून, तेल घालून परत बसवायचा, आणि मग मोट वर येताना कान लावून ऐकत राहायचा. चाक मोठं केलं तर बैलांना कमी ओढावं लागेल का, असं त्यानं एकदा बापाला विचारलं. अर्जुनराव म्हणाला, "मला बैलातलं कळतं. चाकातलं तुजं तू बघ."

पुढं शिकायला बंकट जोगाईच्या आंब्याला गेला. सरकारी कागदात त्या गावाला मोमिनाबाद म्हणत. तिथं छबुबाईची धाकटी बहीण जानकीबाई राहायची, आणि गावाबाहेरच्या छावणीत कॅथलिक पाद्र्यांची शाळा होती. पलटण निम्मी हलली होती, पण शाळा राहिली होती. फादर लुईजी नावाच्या तरुण पाद्र्यानं बंकटची परीक्षा घेतली आणि फी माफ करून त्याला ठेवून घेतलं. पोरगं बाटेल, असं चार लोक म्हणाले. छबुबाई म्हणाली, "माज्या बहिणीच्या चुलीवर जेवतंय त्ये. कसं बाटंल?" त्या बाबतीत तिला काही भय वाटलं नाही.

त्या शाळेत वरच्या दोन वर्गांत जाताना पोरांना बाजू निवडावी लागे. एक फारसीची बाजू होती. ती घेणारा पुढं तहसिलीत चिकटायचा, म्हणून बहुतेक पोरं तिकडं जात. दुसरी सायन्सची. सायन्स फादर लुईजी शिकवत. फारसीचा तास नेमका त्याच वेळी असे, म्हणून सायन्सच्या पोरांना दुसरी भाषा लॅटिन घ्यावी लागे. तीही फादर लुईजीच शिकवत. सायन्सच्या खोलीत काचेच्या नळ्या होत्या, पितळी तराजू होता, लोहचुंबक होते, आणि तारेला तार लावली की टिचकन ठिणगी उडवणारी एक बॅटरी होती. बंकटनं आपली बाजू मनात कधीच ठरवली होती. त्याच्याबरोबर एकच पोरगा होता, बाजारात बंदुकी आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा इसाक.

सोमवारी फादर प्रत्येकाला बाजू विचारणार होते. त्याच्या आधीच्या बाजाराला छबुबाई धपाटे आणि कारळाची चटणी घेऊन बहिणीकडे निघाली. बैलगाडी छावणीच्या कडेनं चालली होती. तिथं ख्रिस्ती लोकांची दफनभूमी होती. कुणा पेन्शनर बँडवाल्याची शवपेटी खड्ड्यात उतरत होती, आणि म्हातारे पाद्री काठाशी उभे राहून संथ, घोगऱ्या सुरात काही म्हणत होते. बैल आपोआप थबकले. छबुबाईनं तोंडाला पदर लावला आणि गाडीवाल्याला विचारलं, "काय म्हणायलेत वो त्ये?"

"लॅटिन हाय म्हणं त्ये. पाद्र्याचे मंतर."

"हाक गाडी. हाक लवकर."

जानकीबाईच्या दारात आल्यावर ती आत गेलीच नाही. अंगणातच डोक्यावरून पाणी घेतलं. केस निथळत असतानाच बंकट आणि इसाक धावत आले.

"आई, सोमवारी मी सायन्स सांगणार! फादर म्हणले, तुज्यासारख्या पोरासाठीच ही खोली मांडली."

"क्या बे, सायन्स सायन्स लगाया," इसाकनं त्याला ढोसलं. "लॅटिन का बी बता. मौसी, ये अब्बी से रटने बैठा है. सुनाओ बे मौसी को."

बंकट ताठ उभा राहिला आणि शिकल्याप्रमाणे सुरात म्हणू लागला, "मेन्सा, मेन्सा, मेन्साम..."

तोच सूर, तेच ओठ आवळून काढलेले शब्द. छबुबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"गप! गप बस आधी! ह्ये कुटं शिकलास?"

"अगं मेन्सा म्हंजी मेज. लिवायचं मेज."

"मेज है मौसी, मेज," इसाक हसत म्हणाला.

"मला नगं सांगू. मी आत्ता खड्ड्याच्या काठावर ऐकून आले. प्रेतावर म्हणायची भाषा ती, आन् तू माज्या म्होरं उभं राहून म्हणतूस?"

बंकटनं समजवायचा प्रयत्न केला. लॅटिन घेतलं नाही तर सायन्स मिळत नाही, ती फक्त एक भाषा आहे, त्यात पुस्तकं आहेत. जानकीबाईही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अक्का, पोराचं ऐकून तर घी." पण छबुबाईच्या डोळ्यांपुढं दोन लहान बाहुल्यांसारखे देह होते. तिनं ओल्या हातानं आपला गळा धरला.

"बंकट, माज्या गळ्याची आण हाय तुला. ती भाषा तोंडानं म्हणलास तर माजं मेलेलं तोंड बघशील."

इसाकचं हसू मावळलं. त्या भागात आण ही थट्टेची गोष्ट नव्हती. ज्यानं घातली त्यानंच समोर येऊन, हातावर पाणी सोडून "सुटली" म्हणायचं असतं. तोवर ती बाप सोडवू शकत नाही, देवही नाही. खाली वाकून बंकटनं तांब्या उचलला, पुसला आणि ओट्यावर ठेवला.

सोमवारी त्यानं फारसी सांगितली. घाटनांदूरला निरोप आला तेव्हा छबुबाईनं शेजारपाजारी गूळ वाटला. पोरगं आता तहसिलीत बसणार, सावलीत राहणार, आणि केस पिकवत म्हातारं होणार, असं तिला वाटलं. पोळ्याला बंकट घरी आला. मोटेचं चाक कुरकुरत होतं. अर्जुनराव म्हणाला, "बघ की जरा." बंकट म्हणाला, "बघतो," आणि तसाच ओसरीवर बसून राहिला. शेवटी अर्जुनरावानं स्वतःच तेल घातलं. छबुबाईनं ते पाहिलं. पोरगं अभ्यासानं थकलंय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सुगी संपल्यावर ती पुन्हा आंब्याला गेली. जानकीबाईच्या शेजारी छावणीतल्या ख्रिस्ती खानसाम्याचं घर होतं. त्याच्या बायकोला मुलगी झाली होती, आणि त्याच दिवशी तिचं नाव ठेवायचं होतं. छबुबाई कुणाच्याही बाळंतिणीकडे रिकाम्या हातानं जात नसे. तिनं घरून आणलेल्या खणाची कुंची शिवली आणि ती बहिणीबरोबर देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, दारापर्यंत गेली. आत तेच म्हातारे पाद्री होते. त्यांनी बाळाच्या टाळूवर पाणी घातलं, बाळ टाहो फोडून रडलं, सगळे हसले, आणि पाद्री त्याच घोगऱ्या सुरात म्हणू लागले.

छबुबाईनं दाराची चौकट धरली.

"जानके, ह्ये काय म्हणायलेत?"

"लॅटिन. दुसरं काय?"

"लेकरावर?"

"मग! जलमल्यावर तीच, लग्नात तीच, मेल्यावर बी तीच. त्येंच्या देवळात समदं त्याच भाषेत असतंय."

"आन् तू मला तवाच कावून न्हाई सांगितलंस?"

जानकीबाई तिच्याकडे वळली. इतके महिने तिनं गिळलेलं आता बाहेर आलं. "तू इचारलंस कवा? गळा धरलास आन् मोकळी झालीस. म्या 'ऐकून घी' म्हणलं, तर तुला पाणी निथळत असताना ऐकू आलं का? तुज्या पोरानं मास्तरला बी सांगितलं न्हाई आण घातली म्हणून. 'घरचे म्हणतेत' म्हणला. आईला कुणी येडी म्हणू नये म्हणून."

छबुबाईनं कुंची बहिणीच्या हातात कोंबली आणि ती शाळेकडे निघाली. वाटेत आडावर एका बाईकडून तिनं तांब्याभर पाणी मागून घेतलं. लुगड्याचा काष्टा सुटत होता, तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं, आणि तिला एवढंच माहीत होतं की सुटली म्हणायचं, आत्ताच्या आत्ता म्हणायचं, मग पोरगं आपल्या खोलीत जाईल.

शाळेच्या आवारात बैलगाड्या उभ्या होत्या. इसाक एका लाकडी पेटीवर खिळे ठोकत होता. तिला पाहून तो उठला, पण हसला नाही.

"बंकट कुटं हाय रं?"

"अंदर है मौसी. सामान बांध रहा."

"कसलं सामान?"

"सायन्स का. हैदराबाद की बडी शाळा में जा रहा सब. मैं अकेला रह गया था ना. एक लडके के लिए कौन खोली चलाता? आठ दिन से मैं बी अब्बा की दुकान पे बैठता."

ती खोलीत गेली. फळ्या उघड्या पडल्या होत्या. बंकट जमिनीवर उकिडवा बसून काचेच्या नळ्या एकेक करून कडब्याच्या पाचोळ्यात गुंडाळत होता. फारसीचा तास चालू होता, पण नळ्या फुटू नयेत म्हणून फादरनी त्यालाच बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातात त्यांना भरवसा नव्हता.

"बंकट, हात कर म्होरं."

त्यानं हात झटकून पुढं केले. ती पाणी ओतू लागली. तळहातावरून पाणी कडब्यावर पडलं.

"सुटली. सुटली रं बाबा. माजी चूक झाली, मला कळलं न्हाई. त्ये लेकराच्या नावालाबी तेच म्हणतेत. तू घी तुजं सायन्स."

फादर लुईजी दारात उभे होते. त्यांना तेव्हा सगळं उमगलं. ते ओबडधोबड मराठीत म्हणाले, "बाई, तेव्हा दोन मुलगे असते तर मी ही खोली सोडली नसती. आता वर्ग अर्धा झाला. मुलगा फारसीत आहे. परीक्षेला तीच लागते. मधून बदल नाही. आणि तिकडच्या शाळेत वरच्या वर्गात नवा मुलगा घेत नाहीत."

"मी पाया पडते तुमच्या."

"आई," बंकट म्हणाला, "उठ. सुटली ना? सुटली. बरं झालं." मग त्यानं ओले हात सदऱ्याला पुसले, कारण भिजल्या हातानं काच निसटते, आणि पुढची नळी उचलली.

गाड्या निघाल्या तेव्हा इसाक फाटकापर्यंत गेला. बंकट गेला नाही. तो फारसीच्या वर्गात जाऊन बसला.

त्यानं फारसी चांगली केली. मोमिनाबादच्या तहसिलीत तो अहलकार, म्हणजे कारकून, झाला. त्याचं अक्षर पाहायला लोक येत. लग्न झालं, लेकरं झाली. आईला त्यानं कधी वेडावाकडा शब्द दिला नाही. छबुबाईला तेच सोसत नसे. एकदा तरी त्यानं ताट भिरकावून द्यावं, असं तिला वाटायचं. ती मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकून बघायची. तो पाणी पिऊन खायचा. अर्जुनराव वारला तेव्हा जोशीबुवांच्या मुलानं गरुडपुराण वाचलं, आणि पोथी चार दिवस ओसरीवरच राहिली. "घिऊन जा" म्हणायला छबुबाई उठली नाही.

मग परळीकडं जाणारी रेल्वे घाटनांदुरावरून गेली. गावात स्टेशन झालं. सुट्टीला घरी आला की बंकट सकाळी फलाटावर जायचा. गाडी यायची, पाणी घ्यायची, जायची. तो कुणाला आणायला जात नसे. एके दिवशी छबुबाई काठी टेकत त्याच्या मागोमाग गेली. बंकट इंजिनाजवळ उभा होता, वाफेच्या ओलीत, मोटेपाशी बालपणी उभा राहायचा तसा मान कलती करून. इतक्या वर्षांत तिनं त्याचा तो चेहरा पाहिला नव्हता. तिला हुरूप आला.

"ह्ये चालतंय कसं रं? सांग की मला."

त्यानं आईकडं पाहिलं. मग खरंच सांगायला लागला. पोटात आग असते, आगीवर पाण्याची टाकी. पाण्याची वाफ होते, वाफेला जागा पुरत नाही, म्हणून ती दट्ट्या ढकलते. दट्ट्या दांडीला ढकलतो, दांडी चाक फिरवते. तो हातानं दाखवत होता, आवाज भरभर चालला होता. छबुबाई मान हलवत होती. तिला सगळं कळत होतं.

"आन् मग दट्ट्या म्हागं कसा येतूय? वाफ तर म्होरं ढकलती की."

बंकटचे हात हवेतच थांबले. त्यानं इंजिनाकडं पाहिलं, चाकांपाशी वाकून पाहिलं, सरळ झाला.

"त्ये मला येत न्हाई, आई," तो म्हणाला. "त्ये वरच्या वर्गात व्हतं."

गाडीनं शिट्टी दिली. छबुबाई काठीचा आधार घेत खाली बसायला लागली. बंकटनं तिला धरून फलाटावरच्या बाकावर बसवलं आणि तिच्यासाठी पाणी आणायला तो गेला.